हरणीचा घास

जयसिंगराव जेवेनासे झाले ते रुसून नव्हे आणि आजारी पडूनही नव्हे. एका दुपारी त्यांनी ताटातलं भरलं वांगं बोटानं इकडचं तिकडं केलं आणि म्हणाले, "शालन, ह्याला काही लागतच नाही गं."

"मीठ देऊ?"

"मीठ कळतंय. तिखट पण झोंबतंय. बाकीचं कुठं गेलं?"

बाकीचं म्हणजे काय, हे काकूंना कळायला दोन दिवस लागले. बाकीचं म्हणजे तीळकूट, भाजलेलं खोबरं, काळा मसाला, म्हणजे सगळं वांगंच. पुढच्या वर्षभरात जयसिंगराव चौऱ्याहत्तर किलोंवरून बावन्नवर आले. सदऱ्यात माणूस शोधावा लागे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि "वय झालंय" एवढं सांगून पाठवलं. पुण्याच्या मुलानं ताकदीच्या पावडरीचे पाच डबे धाडले. जयसिंगराव पहिल्या घोटालाच म्हणाले, "माती दुधात कालवली तर अशीच लागंल." काकू मागल्या दारी जाऊन रडल्या, तोंड धुतलं आणि परत चुलीपाशी आल्या.

ह्यात खरं टोचणारं असं की, शालनकाकू म्हणजे अख्ख्या शिरसोंडीच्या अन्नपूर्णा. द्राक्षपट्ट्यातलं हे गाव आता म्हाताऱ्यांचंच उरलं होतं. पोरं पुण्या-बेंगलोरला, बागांवर फवारणी ड्रोननं, आणि गावात सगळी मिळून एकसष्ट डोकी, एकही पासष्टीच्या खालचं नाही. एकेकट्यानं चूल पेटवायचा सगळ्यांनाच कंटाळा. म्हणून देवळामागच्या सभामंडपात भोजनघर सुरू झालं, आणि त्याची पळी काकूंच्या हातात आली.

काकूंची रीत गावाला पाठ होती. सासूनं त्यांना लग्नानंतर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, देवाला दाखवायच्या आधी अन्न जिभेला लावायचं नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत त्यांनी तळहातावर आमटीचा थेंब घेतला नव्हता. झाकण काढायचं, वाफ नाकावर घ्यायची, एवढंच. "अजून चिमूटभर मीठ," असं त्या वाफेवरून सांगत, आणि ते चुकत नसे. मग त्या मान हलवत. काकूंची मान हलली की वाढप्यांनी पळ्या उचलायच्या, तोवर कुणी पानाला हात लावायचा नाही.

अशा बाईचा नवरा उपाशी मरत होता. गावात बोललं जाई, "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

ऋजुता आली ती उन्हाळ्यात. पंचविशीची पोरगी, एका कंपनीची, म्हाताऱ्यांच्या भुकेवर काम करणारी. तिनं सगळ्यांना मंडपात बसवलं, हातावर एकेक वेलदोड्याचा पेढा ठेवला आणि म्हणाली, "नाक घट्ट दाबा. आता खा. काय लागतंय?"

"गोड," काकू म्हणाल्या.

"नुसतं गोड?"

"नुसतंच."

"आता नाक सोडा."

नाक सोडताच काकूंच्या घशातून वेलदोडा वर चढला. त्या चमकल्या. शेजारी जयसिंगराव नाक सोडून बसले होते आणि त्यांचा चेहरा होता तसाच होता.

"जीभ फार थोडं सांगते," ऋजुता म्हणाली. "खारट, गोड, आंबट, कडू, आणि मुरलेल्या रश्श्याला असते तशी एक भरीव चव. बाकी आपण ज्याला चव म्हणतो, ती घशाच्या मागून नाकात चढणारा वास असतो. नाकाच्या अगदी वर, टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेत वास ओळखणाऱ्या पेशी असतात. त्या मरतात, पुन्हा नव्या येतात. वय झालं की मरतात जास्त, येतात कमी. तिकीट विरळ होत जातं. माणसाला वाटतं सुनेच्या हाताला चव नाही."

मंडपात हशा पिकला. दोन-तीन म्हाताऱ्या मात्र हसल्या नाहीत.

यंत्र दोन भागांचं होतं. टाळूला बसणारी पातळ पट्टी, कवळीसारखी, रोज काढून धुता येणारी. तिच्यात शेकडो बारीक संवेदक, घासातनं नि श्वासातनं येणारा एकेक रेणू टिपणारे. आणि नाकाच्या वरच्या टोकाला, बिनटाक्याच्या छोट्या शस्त्रक्रियेनं बसवायचा तांदळाएवढा तुकडा. पट्टी तुकड्याला कळवणार, समोर हिंग आहे की कोथिंबीर. तुकडा त्या त्या वासाची खूण थेट मेंदूच्या वासकेंद्राला विजेच्या बारीक टिचक्यांनी देणार. खाली पेशी जिवंत आहेत की नाहीत, ह्याचं मेंदूला सोयरसुतक नाही. त्याला खूण मिळाली की झालं.

"आणि ते शिकतं," ऋजुता म्हणाली. "प्रत्येकाची आवड वेगळी. कुठल्या वासाला तुमचा हात ताटाकडं भरभर जातो, हे त्याला समजत जातं."

गावानं यंत्राचं नाव चवपट्टी ठेवून टाकलं.

जयसिंगरावांना पट्टी बसली त्या दिवशी काकूंनी मुद्दाम साधंच केलं. ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खरडा, वर कच्चं तेल. जयसिंगरावांनी पहिला घास तोंडात घातला आणि थांबले.

"काय हो?"

"लसूण," ते म्हणाले. मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "शालन, लसूण आली बघ. भाकरीचा पापुद्रा करपलाय तो पण कळतोय." रडत रडत त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. काकूंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

दिवाळीपर्यंत गावात साठ जणांच्या टाळूला पट्टी होती. ऋजुतानं काकूंचीही परीक्षा घेतली, बाटल्यांतले वास ओळखायला लावले, आणि हसून म्हणाली, "काकू, तुमचं नाक तिशीतलं आहे. तुम्हाला कशाला?" भोजनघरात पातेली घासूनपुसून रिकामी व्हायला लागली. जयसिंगराव सत्तर किलोंवर आले, सकाळी देवळाच्या पाराला फेऱ्या मारायला लागले. कृषी सहायक म्हणून तीस वर्षं त्यांनी पंचक्रोशीतल्या बागा पायांखाली घातल्या होत्या. आता पुन्हा पोपटनानांच्या द्राक्षबागेपर्यंत चालत जाऊन त्यांना न मागता सल्ले द्यायला लागले. जुन्या गोष्टीही सुरू झाल्या. त्यातली फवारणीची गोष्ट काकूंनी शंभरदा ऐकली असेल. "तेव्हा माणसं पाठीवर पंप घेऊन औषध मारायची. विष चढलं की आधी तोंडाला लाळ सुटते. मग दरदरून घाम. मग डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. लाळ दिसली की मी गाडी बोलवायचो, घामाची वाट बघायचो नाही. चार जीव वाचवलेत मी."

"पाच म्हणाला होता मागल्या खेपेला," काकू म्हणत. त्यांना ती गोष्ट आता गोड लागत होती. माणूस बोलतोय, भांडतोय, जेवतोय. आणखी काय पाहिजे?

माघातल्या एका दुपारी त्या बहिणीकडून दोन दिवसांनी परतल्या. उंबऱ्यातच त्यांच्या नाकात असा भपकारा शिरला की पदर तोंडाला लावावा लागला. आत जयसिंगराव मांडी घालून जेवत होते. समोर मटकीची उसळ. चमच्याबरोबर तिला तार सुटत होती.

"अहो! टाका ते!"

"का? झकास झालीय. परवापेक्षा आज जास्त मुरलीय." त्यांनी आणखी एक घास घेतला, डोळे मिटले.

"वास येत नाही तुम्हाला?"

"येतोय की. काय खमंग येतोय!"

दोन दिवस त्यांना उलट्याजुलाब झाले. काकूंनी विचारपूस केली तेव्हा कळलं, हे काही त्यांच्याच घरचं नव्हतं. आंबलेलं दूध, बुरशी आलेलं लोणचं, खवट दाण्यांचं कूट. गाव आनंदानं खात होतं आणि पोट धरून बसत होतं. काकूंनी ऋजुताला बोलावून घेतलं.

पोरगी बराच वेळ आपल्या फोनवरचे आलेख बघत राहिली. मग खाली मान घालून बोलली.

"काकू, यंत्राला आम्ही एकच गोष्ट शिकवली होती. ताट रिकामं झालं पाहिजे. म्हातारी माणसं खात नाहीत हाच रोग होता ना, मग किती ग्रॅम अन्न पोटात गेलं ह्यावरच त्याला शाबासकी. पहिले काही महिने ते चांगले वास वाढवत होतं. मग त्याला उमगलं की काही वासांनी हात मागं जातो. आंबूस, खवट, करपट, औषधी. ते वास त्यानं आधी फिके केले. मग पुसले. आता तर त्यांच्या जागी आवडीचा वास भरतं. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. त्याचं त्यानं शोधलं."

"मग त्याला उलटं शिकवा."

"मी दोनदा लिहिलंय वर. ते म्हणतात, वजनं वाढलीत, माणसं खुश आहेत, आकडे उत्तम आहेत. सुधारणा होईल, पण वेळ लागेल." तिनं डोळे पुसले. "पट्टी काढली तर मात्र पुन्हा तीच माती."

काकूंनी त्या संध्याकाळी नवऱ्यापुढं हात जोडले. "काढून ठेवा ती. मी भरवीन तुम्हाला, घास घास."

जयसिंगराव असे भडकले की भिंतीवरची पाल हलली. "वर्षभर माती खाल्लीय मी! तुला काय ठाऊक? तुझं नाक शाबूत आहे. तुला काय जातंय सांगायला? उपाशी मारायचंय का मला?"

अठ्ठेचाळीस वर्षांत ते असं बोलले नव्हते. काकूंनी जोडलेले हात खाली घेतले. त्या म्हणाल्या, "बरं. ठेवा ती. पण ताट आधी माझ्या नाकाशी येईल. मी मान हलवली तरच जेवायचं. माझं नाक ते तुमचं नाक."

"कबूल," जयसिंगराव म्हणाले, आणि ओशाळून त्यांनी काकूंचा हात धरला.

गावानंही तेच धरलं. घरचं दूध असो, मुलानं धाडलेली मिठाई असो, माणसं वाटी घेऊन काकूंच्या दारी यायला लागली. काकू हुंगत आणि मान हलवत, नाहीतर सरळ उकिरड्यावर ओतत. कुणाचं काही दुखेनासं झालं. साठ माणसांचं एक नाक, आणि ते काकूंच्या तोंडावर. ह्याचा त्यांना अभिमान वाटत नव्हता असं म्हटलं तर ते खोटं होईल.

श्रावणात काकूंना ताप आला. साधाच, सर्दीचा, चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी त्यांनी फोडणीसाठी हिंगाचा डबा उघडला आणि हात तसाच राहिला. त्यांनी डबा नाकाशी नेला. मग नाकाला टेकवला. चिमूटभर हिंग नाकपुडीत गेला, शिंक आली, डोळ्यांत पाणी आलं. वास आला नाही.

त्यांनी कांदा फोडला. कापूर जाळला. रॉकेलची जुनी बाटली शोधून काढली. काहीच नाही. सगळीकडं नुसती हवा होती.

येईल परत, असं म्हणून त्यांनी आठवडा काढला. मग दुसरा. सांगायला हवं होतं. हे त्यांना तेव्हाही कळत होतं. पण सांगितलं की ऋजुता त्यांच्याही टाळूला पट्टी बसवणार, आणि मग गावात खरं सांगणारं नाक एकही उरणार नाही. शिवाय सांगितलं की जयसिंगरावांचं ताट कुणी हुंगायचं? आणि, खरं तर, मंडपात साठ जणांचे डोळे आपल्या मानेकडं लागलेले असतात तेव्हा "मला येत नाही" हे शब्द जिभेवर येतच नाहीत. त्या झाकण काढत, वाफ नाकावर घेत, मान हलवत. मीठ सवयीनं पडत होतं, ते बरोबर पडत होतं.

त्यांना हरणी आठवली. देवळाचे गुरव बाळाप्पा, त्यांची ही तांबडी गाय भोजनघरामागंच बांधलेली असे. सणावाराला गायीचा घास काढायची चाल होतीच. काकूंनी आता तो रोज काढायला सुरुवात केली. आधी हरणीचा घास, मग माणसांची पानं. गायीचं नाक माणसाच्या कितीतरी पट तिखट, हे त्यांना जयसिंगरावांनीच कधीतरी सांगितलं होतं. हरणीनं घास उचलला की त्या आत येऊन मान हलवत.

गावाला ते आवडलं. "शालनकाकूंची भक्ती वाढली," बाळाप्पा म्हणाले.

भाद्रपद लागता लागता एकदा हरणीनं डाळीला तोंड लावलं नाही. काकू आत आल्या आणि म्हणाल्या, "डाळ वास मारतेय, टाका." डाळ खरंच उतरली होती, गाळात बुडबुडे होते. सगळ्यांनी त्यांच्या नाकाची वाहवा केली, आणि काकूंनी ती मुकाट्यानं घेतली. दहा दिवसांनी हरणीनं पुन्हा तोंड फिरवलं. पुन्हा साठ माणसांचं अन्न उकिरड्यावर गेलं. नंतर कळलं, सकाळी ती सुटून द्राक्षांचा पाला पोटभर खाऊन आली होती. अन्न चांगलं होतं. त्या दिवशी माणसं चुरमुऱ्यांवर राहिली आणि पहिल्यांदाच कुजबुज झाली. पट्टी तोंडात असली की भूक नुसती लागत नाही, ओढते.

सर्वपित्री अमावस्येला गावाचा सामाईक म्हाळ असे. घरोघरी पितरांचा स्वयंपाक करायचं आता कुणाच्यानं होत नव्हतं, म्हणून सगळ्यांच्या पितरांना एकच पान. खीर, आमटी, गवार-भोपळ्याची भाजी, अळूवडी, आणि तळलेले वडे. म्हाळाचा स्वयंपाक तर कुणीही, कसाही चाखायचा नाही. पितरांच्या आधी जिभेला लागलं तर ते उपाशी जातात.

पोपटनाना सकाळीच तेलाचा डबा घेऊन आले. पांढरा, वीस लिटरचा, वरचा कागद खरवडून काढलेला. "घाण्याचं ताजं तेल. माझ्या आईच्या नावानं. डबा तीनदा साबणानं धुतलाय, वास घेऊन बघितलाय. काही म्हणजे काही नाही." त्यांनी टोपण उघडून स्वतःच खोल श्वास घेतला. "आहाहा! शेंगदाणा नुसता घमघमतोय."

वाढपी म्हाताऱ्यांनीही नाकं पुढं केली. कुणी म्हणालं वा, कुणी म्हणालं लहानपणचं घाण्याचं तेल आठवलं. मग डबा काकूंपुढं आला आणि सगळे थांबले.

काकूंनी नाक टोपणाशी नेलं. हवा. त्यांनी मान हलवली.

दुपारी बारा वाजता मंडपात दोन लांब पंगती बसल्या. पानं वाढून झाली. गावातनं कावळे गेल्याला पाच वर्षं झाली होती, तेव्हा पितरांचा घासही हरणीलाच जाई. काकू केळीच्या पानावर थोडं थोडं सगळं घेऊन मागं गेल्या.

हरणी उठली, पुढं आली, पानावर वाकली. तिनं फुस्सकन श्वास सोडला आणि मागं सरली. काकूंनी पान पुढं केलं. हरणीनं दावं ताणलं. खुंटा हलला. तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या आणि डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. पाला खाऊन आली होती तेव्हा ती नुसती तोंड फिरवून रवंथ करत बसली होती. आज ती पळायला बघत होती.

"घेत नाही का?" मागं आलेले बाळाप्पा म्हणाले. त्यांनी हात जोडले. "पितर रागावलेत. काहीतरी राहिलंय कुणाचं. आठवा सगळे, बोला."

मंडपात माणसं हात जोडून आठवायला लागली. कुणी बापाला दिलेलं वचन बोललं, कुणी देवळाची भिंत बांधायचं कबूल केलं, एका म्हातारीनं मेलेल्या जावेची रडत माफी मागितली. प्रत्येक बोलण्यानंतर बाळाप्पा पान पुढं करत आणि हरणी मागं सरे. काकू तिथंच उभ्या होत्या. आज नवीन काय होतं? तांदूळ कालचा, डाळ कालची. तेल. तेल आजचं होतं, आणि त्यावर मान त्यांनी हलवली होती.

त्या धावतच आत आल्या. "कुणी जेवू नका. वडे नको, भाजी नको, काहीच नको. तेलात काहीतरी आहे."

"पुन्हा?" कुणीतरी ओरडलं. पोपटनाना उठून उभे राहिले. "म्हणजे मी विष आणलं म्हणता? सकाळी तुम्हीच मान हलवली की!"

"शालन," जयसिंगराव पानावरून म्हणाले. त्यांचा हात वड्यापासून वीतभर अंतरावर थांबला होता. "तुला कसला वास आला? नीट सांग."

खोटं सांगता आलं असतं. कुजका म्हणावं, औषधी म्हणावं. पण एवढे डोळे, आणि त्यात ह्या माणसाचे. अठ्ठेचाळीस वर्षांत काकूंनी त्यांना एकदाही फसवलं नव्हतं, ह्या दोन महिन्यांखेरीज.

"मला काहीच येत नाही," काकू म्हणाल्या. "श्रावणापासून येत नाही. मी नुसतीच मान हलवत होते. हरणीवर चाललं होतं सगळं. माझं चुकलं. पण गाय आज घाबरलीय, माझं ऐका."

मंडपात एकच गलका उठला. "दोन महिने?" "आणि आमचं अन्न फेकलं ते गायीच्या पोटावर?" "अहो, आम्हा साठ जणांना सुगंध येतोय आणि जिला वास येत नाही ती सांगतेय खाऊ नका!" ह्यावर बरीच माणसं हसली. त्यात तथ्य होतं, म्हणूनच काकूंना ते लागलं.

त्यांनी एक रिकामं पान ओढलं, त्यावर वडा आणि भाजी घेतली आणि पंगतीपुढं जमिनीवर बसल्या. "मग आधी मी जेवते. अर्धा तास थांबा. मला काही झालं नाही, तर जेवा आणि मला गावातनं हाकला."

"शालन, खुळी आहेस का?" जयसिंगराव उठायला गेले तोवर त्यांनी पहिला घास गिळला होता. मग दुसरा. आधी नवऱ्याचं, मग आपलं, ही त्यांची जन्माची रीत आज पहिल्यांदाच मोडली. घास मातीसारखा लागला. हीच ती माती, त्यांना वाटलं, वर्षभर हे हीच खात होते आणि मी पावडरीचे डबे पुढं करत होते. त्यांनी तिसरा घास घेतला.

मंडप ताटकळत बसला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. समोर गरम वडे, आणि टाळूवरची पट्टी प्रत्येकाला त्याच्या आवडीचा वास देत होती. जयसिंगरावांनी आपला उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. मग एकाएकी त्यांनी डावा हात तोंडात घातला, टाळूची पट्टी ओढून काढली आणि पानावर ठेवली.

भूक दिवा फुंकावा तशी विझली. समोरचं पान दगडमातीचं झालं. ताटापुढं बसलेलं असताना किती महिन्यांनी त्यांचं डोकं मोकळं झालं होतं. तीस वर्षं कृषी सहायकी केलेल्या त्या डोक्यानं पहिला प्रश्न विचारला.

"नाना, डबा कुठल्या खोलीतला?"

"शेतावरच्या. ड्रोन ठेवतो त्या," पोपटनाना म्हणाले. "औषधाचे मोकळे डबे असतात, त्यातलाच एक. पण मी तीनदा धुतला, जयसिंग. वास घेतला."

जयसिंगराव काकूंकडं वळले. काकू हसत होत्या. त्यांचा चेहरा खुलला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "भूक परत आली बघा माझी. तोंडाला पाणी सुटलंय. किती दिवसांनी..."

ओठांच्या कोपऱ्यातून लाळेची बारीक धार हनुवटीवर उतरत होती. कपाळावर घाम नव्हता. घामाची वाट बघायची नसते.

जयसिंगरावांनी त्यांना खांद्याला धरलं. "गाडी बोलवा!" ते किंचाळले. "बाळाप्पा, गाडी! विष आहे! कुणी हात लावू नका!"

काकूंनी पदरानं हनुवटी पुसली, पदराकडं पाहिलं आणि त्यांना समजलं. त्यांनी नवऱ्याचे हात आपल्या खांद्यावरून सोडवले. "मला नका धरू," त्या म्हणाल्या. तोंडात पाणी भरत होतं, शब्द नीट येत नव्हते. "त्यांचे धरा. तिकडं बघा."

पंगतीच्या लांबच्या टोकाला कुणाला ओरडणं ऐकू गेलं नव्हतं, की ऐकूनही पटलं नव्हतं. चौघंजण खाली मान घालून, डोळे मिटून, शांतपणे वडे खात होते. त्यांच्याकडं बघून पाचव्यानं हात पुढं केला.

जयसिंगराव धावले. पहिल्या म्हातारीच्या हातातला घास त्यांनी हिसकावला, तशी तिनं पान छातीशी धरलं. "भुकेल्याच्या तोंडातनं काढतोस होय रे?" ती कळवळून म्हणाली. "वास तरी घेऊन बघ, मुडद्या, काय सुरेख येतोय!"

मागं काकूंच्या खोकण्याचा आवाज येत होता. ते वळले नाहीत. त्यांनी ते पान उलटं केलं आणि शेजारच्या हातावर झडप घातली. पंगतीत अजून सत्तावन्न पानं होती.